लुगड्याखालचं मशीन

एखाद्या माणसाविषयी चांगलं लिहायला बसावं आणि पहिल्याच ओळीला आपले दात-ओठ आवळले जावेत, तसं माझं या गृहस्थांच्या बाबतीत होतं. तेव्हा आधीच सांगून मोकळा होतो. मी त्यांच्यावर जळायचो. थोडाथोडका नाही, पोटात आग पडेपर्यंत. त्यांच्या शेडवर पुण्याहून कुणी येऊन गेलं असं कळलं की रात्री माझ्या घशाखाली घास उतरत नसे. बायको विचारायची, भाजी खारट झाली का? भाजीचा काही संबंध नसायचा.

आमच्या दोघांचा नाद एकच, गोळीचं मशीन. शहरातले लोक त्याला पिनबॉल म्हणतात. कंबरेएवढ्या उंचीचं उतरतं टेबल, वर काच, आत पोलादाची गोळी. स्प्रिंगचा दांडा ओढून सोडला की गोळी वर उडते आणि रबरांना, तिला झटका देऊन उडवणाऱ्या बंपरांना आपटत, आकडे वाढवत खाली येते. खाली दोन छोटी पाती असतात, त्यांना फ्लिपर म्हणतात. बाजूची बटनं दाबून त्या पात्यांनी गोळी परत वर हाणायची. दोघांच्या मधून निसटली की गेली. खेळ एवढाच, पण ज्याला लागला त्याला लागला.

माझं नसरापूरला टाइल्स आणि नळ-शॉवरचं दुकान आहे. दुकानावरच्या हॉलमध्ये एसी लावून मी माझी मशीनं ठेवली. सगळी नवी, बोटीनं परदेशातून आलेली, पडदा असलेली, गाणारी, बोलणारी. त्यांची शेड मार्गासनीच्या पुढं, वेल्ह्याच्या रस्त्याला. शेड मुळात कोंबड्यांची. पोल्ट्री बसली, कोंबड्या गेल्या आणि त्या जागी यांनी जुनी मशीनं आणून उभी केली. कुठली बंद पडलेल्या क्लबच्या भंगारातली, कुठली जत्रेतल्या खेळवाल्याकडची. जन्मभर वायरमनची नोकरी केलेली, त्यामुळं तारांच्या जंजाळात हात घालताना त्यांचा हात कधी कचरला नाही. लोक त्यांना अण्णा म्हणत. मीही म्हणायचो, तोंडावर.

अण्णांच्या शेडवर चप्पल बाहेर काढावी लागे. मग आत गेल्यावर लगेच खेळायला मिळायचं असं नाही. आधी मशीनच्या लाकडी अंगाला कान लावायचा. अण्णा बटन दाबायचे आणि आतून खट, खट, घर्र असे आवाज यायचे, मग एखादी घंटा. पाहुणा कान लावून ओणवा उभा आहे आणि हे शेजारी हाताची घडी घालून त्याच्या तोंडाकडं बघताहेत, असं ते दृश्य असे. "काय ऐकू आलं?" असं विचारायचे. पाहुणा काहीबाही सांगायचा. "न्हाई," अण्णा म्हणायचे, "परत लावा." वेल्ह्याला जाता-येता तहसील कचेरीतले साहेब लोकसुद्धा बूट काढून तिथं कान लावून उभे राहिलेले मी पाहिले आहेत. माझ्या हॉलमध्ये सोफे होते. सोफ्यावर बसायला कोण येत होतं? टाइल्स बघून थकलेली गिऱ्हाइकं.

त्या बाजूला पाऊस म्हणजे काय असतो ते तिथं राहिलेल्यालाच कळतं. चार महिने भिंतींना पाझर. तांब्याच्या पट्ट्यांवर हिरवा थर धरतो आणि मशीन मुकं होतं. यावर अण्णांचा उपाय म्हणजे पोल्ट्रीतले जुने बल्ब. पिल्लांना ऊब द्यायला जे लावतात तेच. पावसाळाभर प्रत्येक मशीनच्या पोटात एक बल्ब जळत ठेवायचा. संध्याकाळी रस्त्यावरून पाहिलं तर शेडमध्ये पिवळा उजेड दिसे आणि नवखा माणूस म्हणे, यांची पोल्ट्री चांगली चाललीय.

सोमवारी मशीनं बंद. बैलांना नाही का सोमवारी औताला जुंपत, तसं. एकदा पुण्याची पोरं मोठाले कॅमेरे घेऊन सोमवारी आली. अण्णांनी त्यांना मशीनं दाखवली, कान लावू दिला नाही. पोरांनी वेल्ह्यात मुक्काम केला आणि मंगळवारी परत आली. माझा हॉल तेव्हा उघडा होता, रस्त्यावर होता, पाटी होती. ती पोरं पाटीखाली गाडी थांबवून माझ्याच दुकानात अण्णांचा पत्ता विचारून गेली होती. मी पत्ता नीट सांगितला. सांगताना माझं काय झालं ते मलाच ठाऊक.

आणखी एक गोष्ट. तांब्याच्या पट्ट्या साफ करायला पॉलिश पेपर चालत नाही, पट्टी झिजते. जाडसर कागदाची चिंधी दोन पट्ट्यांमध्ये घालून हलकी ओढायची. अण्णा त्यासाठी लग्नपत्रिका जमवायचे. मग त्यांना माझं व्हिजिटिंग कार्ड सापडलं. "शेट, तुमचं कार्ड लई कामाचं हाय. अजून असत्याल तर द्या," असं त्यांनी मला गंभीर चेहऱ्यानं सांगितलं. मला आधी वाटलं, लोकांना देत असतील. मग एक दिवस मशीनचं झाकण उघडं असताना पाहिलं, तर माझं नाव पट्ट्यांमध्ये अडकून काळं पडलं होतं. तरी मी कार्डांचा गठ्ठा देत राहिलो, कारण तेवढ्या निमित्तानं शेडवर जायला मिळायचं.

आता जुनं चांगलं की नवं, यावर आमची जी जुंपायची तिच्याबद्दल. मी आजही छातीवर हात ठेवून सांगतो की खेळ म्हणून नवंच मशीन सरस. जुन्यात गोळी रांगते, नव्यात पळते. नव्यात चढणी आहेत, बोगदे आहेत, लोहचुंबक गोळीला मध्येच धरून ठेवतो, एका वेळी पाच-सहा गोळ्या सुटतात आणि माणूस घामाघूम होतो. अमुक केलं तर तमुक उघडतं, अशी गोष्टच असते त्यात. वर्षभर खेळलं तरी तळ लागत नाही. जुन्यात काय? चार बंपर, तीन घंटा, आकड्यांची फिरती चाकं. खेळताना मशीनला धक्का जरा जास्त बसला की डाव खलास, सूचना नाही, काही नाही. नवं मशीन आधी दोनदा बजावतं. माणुसकी आहे त्यात, असं मी म्हणायचो.

"टीव्ही हाय त्यो," अण्णा म्हणायचे. "टीव्हीत गोळी कशाला सोडता? नुसता बघा की."

नव्या मशीनमध्ये सुरुवातीलाच गोळी निसटली तर मशीन ती परत देतं. ही सोय मी त्यांना कौतुकानं दाखवली होती. त्यांनी परत आलेल्या गोळीकडं बोट दाखवलं. "पडली ना? मग परत कशाला देतंय? पडलेली दिसली न्हाई व्हय त्याला?"

हेच अण्णा एकदा माझ्या हॉलवर येऊन माझ्या सगळ्यात महाग मशीनवर खेळले. एकच डाव. नाक मुरडत, पडद्याकडं एकदाही न बघता, मान कलती करून नुसता आवाज ऐकत. आणि माझा विक्रम मोडला. खोटं वाटेल, मलाही वाटलं होतं. पडद्यावर रोषणाई झाली, तुतारी वाजली, मशीन म्हणालं, नाव टाका. तोवर हे जिन्याशी चप्पल शोधत होते. नाव कुणीच टाकलं नाही म्हणून मशीननं आपल्या मनानं तीन वेळा ए लिहिलं. तेव्हापासून माझ्या मशीनच्या यादीत सगळ्यात वर तीन ए आणि त्याखाली मी. यादी पुसता येते, पण पुसली की माझेही आकडे जातात. रोज सकाळी मशीन सुरू केलं की ते तीन ए आधी चमकून जायचे, आणि माझा दिवस तिथंच नासायचा.

खंडेनवमीला अण्णा मशीनांची पूजा करायचे. काचा काढून गोळीला हळद-कुंकू, बंपरांवर झेंडू, समोर नारळ, त्यांच्या बायकोच्या, म्हणजे काकूंच्या हातचा नैवेद्य. आजूबाजूच्या वाड्यांमधली माणसं यायची. मी दोन वर्षं पाहुण्यासारखा जाऊन प्रसाद खाऊन आलो. तिसऱ्या वर्षी ठरवलं, आपणही करायची आणि अशी करायची की बोलायला नको. गुरुजी बोलावले, पेढे मागवले, टाइल्सच्या धंद्यातली मंडळी बोलावली. अण्णांनाही मुद्दाम आमंत्रण दिलं.

गुरुजींनी काच काढायला लावली आणि मंत्र म्हणत हळद, कुंकू, अक्षता सढळ हातानं मशीनमध्ये सोडल्या. मीही सोडल्या. सगळ्यांनीच सोडल्या. आता नव्या मशीनमध्ये गोळी कुठं आहे ते कळायला जागोजाग उजेडाचे बारीक डोळे असतात. ते कुंकवानं भरले. मी आरतीनंतर ऐटीत बटन दाबलं. मशीनला गोळी दिसेना. गोळी हरवली असं वाटलं की नवं मशीन तिला हुडकायला लागतं, म्हणजे आतली प्रत्येक वस्तू एकेक करून झटकून बघतं. पाती आपोआप फडफडायला लागली, अक्षता छतापर्यंत उडाल्या, कुंकवाचा धुरळा गुरुजींच्या धोतरावर. थांबलं की दोन क्षणांनी परत तेच. टाइल्सवाले एक पाटील शांतपणे म्हणाले, "शेट, ह्याच्या अंगात आलं." दोघांनी हात जोडले.

अण्णा मागे पेढा खात उभे होते. "माझ्यात बी पडतंय की कुंकू," ते शेजारच्याला सांगत होते, मला ऐकू येईल इतपत. "पर माझ्याला डोळंच न्हाईत." आणि घरच्यांसाठी म्हणून पेढ्यांचा पुडा मागून घेऊन गेले. हॉल झाडताना मला खरं तर रडू येत होतं.

पण हे सगळं मी सोसलं असतं. सोसवत नव्हतं ते एकच, शेडच्या कोपऱ्यातलं लुगड्याखालचं मशीन.

अण्णांची बाकी सगळी मशीनं उघडी असायची, हे एक हिरव्या जुन्या लुगड्यानं झाकलेलं. पहिल्यांदा त्यांनी ते माझ्यासमोर झटकायला म्हणून दूर केलं तेव्हा मी हातातला कार्डांचा गठ्ठा तिथंच ठेवून जवळ गेलो. उभ्या काचेवर सर्कशीचं चित्र, झोक्यावरची बाई, आणि त्या बाईचा उजवा डोळा खरवडलेला. हे मशीन मी ओळखत होतो. भोरला एसटी स्टँडजवळ एका कोल्ड्रिंक हाऊसमध्ये ते होतं. शाळेत असताना मी त्यावर खेळायला शिकलो, माझा हा सगळा नाद त्यातून निघाला. पुढं ते दुकान गेलं, मशीन कुठं गेलं कुणाला माहीत नव्हतं. मी किती जणांना विचारलं होतं. जगातलं दुसरं कुठलंही जुनं मशीन मला नको होतं, हे हवं होतं. आणि ते या माणसाकडं होतं.

बरं, असून ते खेळतात म्हणावं, तर तेही नाही. वायर काढून ठेवलेली. पोटात बल्ब मात्र न चुकता. पुसलेलं, तेल दिलेलं, सगळ्यांत देखणं मशीन, आणि बंद. समोरच्या आकड्यांच्या चाकांवर सातशे तीस हा आकडा उभा. जुन्या मशीनला स्मरणशक्ती नसते. शेवटचा डाव जिथं संपला तिथं चाकं थांबतात आणि वीज गेली तरी तशीच राहतात. पुढचा डाव सुरू केला की ती खडखड फिरून शून्यावर येतात आणि मागचं सगळं गेलं. सातशे तीस म्हणजे काही आकडा नव्हे. आंधळ्यानं हात मारले तरी त्याहून जास्त होतील.

"अण्णा, एक डाव खेळू?" मी विचारायचो.

"न्हाई."

"विकता का?"

"न्हाई."

"मग ठेवलंय कशाला?"

"ऱ्हाऊ द्या," एवढंच म्हणायचे आणि लुगडं नीट करायचे.

मी वर्षानुवर्षं मागत राहिलो. आर्जवं केली, रुसलो, लोकांना मध्यस्थ घातलं. माझी खात्रीच झाली होती की हा माणूस मला जाळण्यासाठी ते मशीन अडवून बसला आहे. शेवटी मी माझं सगळ्यात महाग मशीन बदल्यात देऊ केलं, तेच तीन एचं. त्यावरही न्हाई. मग मी काकूंकडं वळलो. काकू शेडकडं फारशा फिरकत नसत. शेत, गुरं, घर यांतून त्यांना सवड नसे आणि गोळीच्या मशीनांबद्दल त्यांचं मत एका शब्दाचं होतं, "अडगळ." मी त्यांना माझं गाऱ्हाणं सांगितलं.

उन्हाळा संपता संपता काकूंचाच फोन आला. "शेट, तुमी या आन् घेऊन जावा ते. पावसाच्या आत मला तितं शेळ्या बांधायच्यात. ह्यांचं म्या बघते."

मी त्याच दिवशी टेम्पो केला. माझं मशीन गाद्यांत गुंडाळून चढवलं आणि ड्रायव्हरशेजारी बसून शेडवर गेलो. येताना टेम्पोत काय असेल या विचारानं मला वाटेत दोनदा आपोआप हसू आलं. टेम्पो उन्हात उभा केला आणि चप्पल काढून आत गेलो. अण्णा स्टुलावर बसले होते. माझ्याकडं बघेनात.

"अवो, शेट आल्यात," काकू म्हणाल्या. "द्या की ते. नुसतं लुगडं नेसून हुबं हाय."

"ते माजं न्हाई," अण्णा जमिनीकडं बघत म्हणाले. "तुजं हाय."

"माजं? म्या कवा घेतलं?"

"आकडा तुजा हाय त्यावर."

काकूंना काही कळलं नाही. मलाही नाही. अण्णा अडखळत, एकेक शब्द ओढून काढल्यासारखे बोलायला लागले. "आणलं त्या दिवशी. जोडून पैल्यांदा चालू केलं, तवा तुला हाक मारली. पिठाच्या हातानं आलीस. एक डाव खेळलीस. भाकरी करपंल म्हनालीस आन् गेलीस. त्यो आकडा हाय."

काकू मशीनपाशी गेल्या आणि लुगडं ओढून काढलं. हातात आल्यावर त्यांनी ते ओळखलं. "हे हितं हाय व्हय? आन् म्या घरभर शोधलं." मग त्यांनी काच पदरानं पुसून आकड्याकडं पाहिलं आणि मला विचारलं, नवऱ्याला नाही, "शेट, सातशे तीस म्हंजी लई का कमी?"

"कमी, काकू," मी म्हणालो. "फार कमी." ते खरंच होतं, पण मी ते जरा चवीनंच सांगितलं.

"मंग येवढ्याशा आकड्यासाठी अडवून बसलाय? शेटनी किती येरझाऱ्या घातल्या. सरका. एक डाव खेळते आन् देऊन टाका."

"अगं, थांब," अण्णा उठले.

"लावा वायर."

त्यांनी वायर लावली. मला वाटलं होतं नाही लावणार. काकूंनी त्यांना विचारून कुठलं तरी बटन दाबलं आणि चाकं खडखडत फिरली. मी मशीनकडं न बघता अण्णांकडं बघत होतो. सात गेला, तीन गेला. त्यांचा हात मशीनच्या कडेवर होता तो तसाच राहिला.

काकू वाईट खेळल्या. दांडा अर्धाच ओढायच्या, पाती उशिरा मारायच्या. घंटा वाजली की खेळायचं सोडून कुठून वाजली ते बघायच्या. एक गोळी मधोमध सरळ खाली येत होती, तर यांनी बटनांवरचे दोन्ही हात उचलले आणि तिला जाताना पाहिलं. हसत होत्या. मी त्या बाईंना इतकी वर्षं ओळखत होतो, हसताना पाहिलं नव्हतं. शेवटची गोळी गेली आणि चाकं थांबली. पाचशे साठ.

"आदीपक्षा कमी आलं वो," त्या म्हणाल्या.

"व्हय," म्हणत अण्णांनी वायर ओढून काढली. घंटेचा आवाज अजून पुरता विरलाही नव्हता. त्यांनी खाली पडलेलं लुगडं उचललं, झटकलं आणि मशीनवर घातलं. चारी टोकं ओढून सारखी केली.

"अवो, आता द्या की शेटना."

"आता कसं देऊ?" अण्णा म्हणाले.

काकूंनी त्यांच्याकडं पाहिलं, मग लुगड्याकडं. पदर सारखा केला. मला म्हणाल्या, "शेट, शेळ्या म्या दुसरीकडं बांदीन. च्या टाकते, बसा."

"तुमचं मशीन घेऊन जावा, शेट," अण्णा म्हणाले. "उन्हात तापतंय." आवाजात टोमणा नव्हता.

मी चहा घेतला नाही. दारात चप्पल घातली. मला वाटायचं, मी त्यांच्या मशीनांवर जळतो, त्यांच्याकडं येणाऱ्या माणसांवर जळतो, त्यांच्या कानावर जळतो. ते काहीच नव्हतं. घरी माझ्या मशीनांच्या पोटात माझे मोठमोठे आकडे मशीननंच साठवून ठेवले आहेत, आणि त्यातल्या एकाही आकड्यावर कधी कुणी पांघरूण घातलेलं नाही. त्या दिवशी जळलो तसा मी आयुष्यात कधी जळलो नव्हतो. त्यानंतर मी त्या शेडवर गेलो नाही.

मार्गासनी मागं पडली. टेम्पोवाल्यानं मागं गाद्यांकडं एकदा पाहिलं.

"शेट, त्येंचं का न्हाई घेतलं वो? खराब निगालं का?"

"हो," मी म्हणालो. "आकडे अडकून बसतात त्याचे."

"मंग वाचलात," तो म्हणाला.